तोच हा मॉनिटर

एका संगणकाला दोन मॉनिटर जोडले की वापरणाऱ्याला कामाची जागा दुप्पट झाल्यासारखी वाटते. डेस्कटॉप चालवणाऱ्या प्रणालीपुढे मात्र त्याच क्षणी एक जुना प्रश्न उभा राहतो: आत्ता जोडला गेलेला मॉनिटर कालचाच आहे, हे कशावरून ठरवायचे? संध्याकाळी लॅपटॉपची केबल काढली आणि सकाळी पुन्हा लावली, तर मधल्या रात्रीत टेबलावर काहीच बदललेले नसते. तरीही पुष्कळदा टास्कबार डावीकडून उजवीकडे गेलेला दिसतो, दोन वॉलपेपरांची अदलाबदल झालेली असते, आणि मोठ्या पडद्यावर नीट मांडलेल्या सगळ्या विंडो लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर एकमेकींवर रचलेल्या आढळतात. लिनक्सवरचे केडीई प्लाझ्मा आणि ग्नोम, मायक्रोसॉफ्टचे विंडोज, ॲपलचे मॅकओएस यांपैकी कोणीही या तक्रारीतून पूर्ण सुटलेले नाही. तक्रारीचा मोठा भाग सरळसरळ प्रोग्राममधल्या चुकांचा आहे आणि त्या चुका वर्षानुवर्षे दुरुस्त होत आल्या आहेत. पण चुका काढून टाकल्यावरही तळाशी काही उरते, आणि ते तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना चांगले ओळखीचे आहे.

‘हा तोच’ या ज्ञानाला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे दिसला आणि तो ओळखता आला, हे तिचे ठरलेले उदाहरण. ‘तो’ आठवणीतला, ‘हा’ डोळ्यांसमोरचा. दोन्ही एका ज्ञानात येतात. नैयायिकांच्या मते हे प्रत्यक्षच असते, फक्त मागच्या अनुभवाचा संस्कार त्याला साहाय्य करतो. बौद्धांना हे मान्य नाही. क्षणभंगवादानुसार कोणतीही वस्तू दुसऱ्या क्षणापर्यंत टिकत नाही. दिव्याची ज्योत सारखी दिसते म्हणून तीच वाटते, कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढली की तीच वाटतात, देवदत्ताचेही तसेच. तिथे साम्य असते, एकत्व नसते, आणि साम्याला एकत्व समजणे हा भ्रम आहे.

संगणकाच्या बाबतीत हा वाद ठळक होतो, कारण त्याच्याकडे ‘तो’ आणि ‘हा’ अगदी वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. ‘तो’ म्हणजे डिस्कवरची फाइल, जिच्यात कालची मांडणी नोंदलेली आहे. ‘हा’ म्हणजे केबल लागताच मॉनिटरने पाठवलेली माहिती. दोहोंना जोडणारा पाहणारा कोणी मध्ये नाही. काही ठिकाणी तर बौद्धांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. एकाच केबलवरून अनेक मॉनिटर चालवणारा डिस्प्लेपोर्टचा डॉक लावला की लिनक्सचा कर्नल जोडणीच्या नव्या नोंदी निर्माण करतो आणि डॉक काढला की त्या नष्ट करतो; त्यामुळे काल पाच क्रमांकाने ओळखली गेलेली जोडणी आज सात क्रमांकाने उगवू शकते. टेबलाशी बसलेल्या माणसाला जो एक मॉनिटर अखंड दिसतो, तो यंत्राच्या लेखी एकामागून एक जन्मणाऱ्या नोंदींचा प्रवाह असतो. बौद्धांनी अशा प्रवाहाला संतान म्हटले आहे.

मॉनिटर स्वतःविषयी जे सांगतो त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवलेली ही माहितीची पट्टी मूळ स्वरूपात फक्त १२८ बाइटची आहे. तीत उत्पादकाची तीन अक्षरे, मॉडेलचा संकेतांक, अनुक्रमांक, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी आणि चालू शकणारी रेझोल्यूशने असतात. संगणक मॉनिटर पाहत नाही; त्याने पुढे केलेले ओळखपत्र वाचतो. न्यायदर्शनाच्या वर्गवारीत हे शब्दप्रमाण झाले, आणि शब्द प्रमाण ठरायचा तर बोलणारा आप्त हवा, म्हणजे खरे जाणणारा आणि जाणतो तेच सांगणारा. अडचण इथूनच सुरू होते. अनुक्रमांकासाठी चार बाइट राखून ठेवलेले असले तरी सगळे उत्पादक ते इमानदारीने भरत नाहीत. कुठे त्या जागी शून्य असते, कुठे सगळ्या नगांवर एकच आकडा. मॉनिटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर खरा क्रमांक छापलेला असतो, पण ती पट्टी वाचायला संगणकाला डोळे नाहीत.

कार्यालयात एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेले, एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडणे ही लोकांची आवडती पद्धत. आणि नेमकी तीच यंत्राला सर्वांत अवघड जाते. दोघांचा उत्पादक एक, मॉडेल एक, आकार एक, वर्ष एक, पुष्कळदा आठवडाही एक. अनुक्रमांक शून्य असेल तर दोन्ही पट्ट्या शेवटच्या बाइटपर्यंत जुळतात. ज्या प्रोग्रामांनी पट्टीवरून एक सांकेतिक नाव तयार करून त्याखाली मांडणी साठवली, त्यांच्या दप्तरात हे दोन जुळे एकाच नावाखाली जमा झाले.

लाइब्निट्सने १७१६ मध्ये सॅम्युअल क्लार्कला लिहिलेल्या पत्रात एक किस्सा सांगितला आहे. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेनच्या बागेत एका गृहस्थांना वाटले की अगदी सारखी दोन पाने सहज सापडतील. राजघराण्यातल्या सोफीने त्यांना शोधायला लावले; ते बागभर हिंडले आणि रिकाम्या हाताने परतले. लाइब्निट्सचा सिद्धांत असा की ज्यांचे सर्व गुणधर्म समान आहेत अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत. तशा वाटल्या तर ती एकच वस्तू आहे. पण बागेतल्या पानांना १२८ बाइटांची मर्यादा नव्हती. पट्टीत मावेल तेवढ्याच जगाला हा सिद्धांत लावला, तर टेबलावर एकच मॉनिटर आहे असे म्हणावे लागेल. मॅक्स ब्लॅक यांनी १९५२ मध्ये या सिद्धांताविरुद्ध एक काल्पनिक विश्व रचले, ज्यात हुबेहूब सारखे दोन लोखंडी गोळे आहेत आणि दुसरे काहीच नाही. त्या गोळ्यांना नावे देण्याचा प्रयत्न केला की काय फजिती होते, ते दोन जुळे मॉनिटर लावणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

याच प्रश्नाला वैशेषिकांनी दिलेले उत्तर अधिक धीट होते. घट आणि पट वेगळे ओळखता येतात, कारण त्यांचे अवयव वेगळे आहेत. दोन घटही अवयवांच्या भेदावरून वेगळे ठरतात. पण परमाणूला अवयव नाहीत. पृथ्वीच्या दोन परमाणूंची जाती एक, गुण सारखे. मग ते दोन कशाने? कणादाच्या परंपरेने यासाठी ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला, आणि दर्शनाला नावही त्यावरूनच मिळाले. प्रत्येक नित्य द्रव्यात त्याचा स्वतःचा एक विशेष राहतो. तो त्या द्रव्याबद्दल काहीच वर्णन करत नाही, फक्त त्याला इतरांपासून वेगळे काढतो. प्रशस्तपादाने तर असे म्हटले आहे की योगी या विशेषाच्याच आधारे, स्थळ आणि काळ बदलल्यावरही, हा तोच परमाणू असे ओळखतात. अनुक्रमांकाचे काम यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे. तो रंग सांगत नाही, आकार सांगत नाही, गुणवत्ता सांगत नाही. हा हाच आहे एवढेच सांगतो.

एका विशेषाला दुसऱ्या विशेषापासून वेगळे कोण करतो, असे विचारले की वैशेषिक म्हणतात, तो स्वतःच स्वतःला वेगळे करतो. नाहीतर विशेषाचा विशेष आणि त्याचाही विशेष अशी अनवस्था होईल. नव्यन्यायातील रघुनाथ शिरोमणीने हे उत्तर त्यांच्यावरच उलटवले. विशेष जर आपोआप वेगळा राहू शकतो, तर परमाणूच आपोआप वेगळे का राहू नयेत? मधला पदार्थ कशाला? तर्क म्हणून रघुनाथाचे म्हणणे बिनतोड आहे, आणि टेबलावरचे दोन मॉनिटर आपापल्या बळावर दोन आहेतच. पण डेस्कटॉपच्या प्रणालीला त्याचा काही उपयोग नाही. वस्तू वेगळी असणे आणि ती वेगळी कळणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीला खूण लागत नाही, दुसरीला लागते. विशेषाला पदार्थांच्या यादीतून काढून टाकता येईल, अनुक्रमांकाला कॉन्फिगरेशनच्या फाइलमधून काढता येत नाही.

विशेष मिळाला नाही तर उरते ती जागा. ज्या पोर्टमध्ये केबल लागली त्या पोर्टला नाव असते, आणि दोन केबली एकाच पोर्टमध्ये जात नाहीत. जुळ्यांना ओळखायला ही सोय चांगली आहे. पण पोर्ट हा मॉनिटरचा गुण नाही. साफसफाई करताना कोणी दोन्ही केबली काढून उलट लावल्या, तर नावावर विसंबलेली प्रणाली डाव्या मॉनिटरला उजवा समजू लागते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला त्या खुर्चीच्या नावाने हाक मारण्यासारखा हा प्रकार आहे. ग्नोमने सावधगिरीचा मार्ग धरला: त्याच्या मॉनिटरांच्या फाइलमध्ये पोर्टचे नाव, उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक अशा चार गोष्टी लिहिलेल्या असतात, आणि चारही जुळल्या तरच जुनी ओळख पटते. चूक ओळख त्यामुळे क्वचितच होते. मात्र तोच मॉनिटर शेजारच्या पोर्टमध्ये लावला की तो परका ठरतो, चारही कागदपत्रांवर नाव तंतोतंत सारखे नसेल तर अर्ज परत करणाऱ्या कारकुनापुढे उभ्या राहिलेल्या माणसासारखा. कडक लक्षण केले की अव्याप्ती, सैल केले की अतिव्याप्ती, हे शास्त्रात पहिल्याच पाठात शिकवतात.

ओळखीइतकाच घोळ अभावाचा आहे. जुन्या व्हीजीए आणि डीव्हीआय जोडण्यांमध्ये मॉनिटरच्या ओळखपट्टीला लागणारी वीज संगणकाकडूनच केबलमधून मिळे, त्यामुळे मॉनिटर बंद असला तरी पट्टी साधारणपणे वाचता येई. डिस्प्लेपोर्टमध्ये आपण हजर असल्याचा संकेत मॉनिटर स्वतः देतो. बटण दाबून तो बंद केला, किंवा तो गाढ झोपी गेला, की अनेक मॉनिटरांमध्ये हा संकेतही थांबतो. संगणकाला मग ‘मॉनिटर झोपला’ आणि ‘मॉनिटर उपटून नेला’ यांतला फरक कळायला मार्ग राहत नाही. तो दुसरा अर्थ घेतो आणि त्या पडद्यावरच्या सगळ्या विंडो तातडीने हलवतो. जेवायला जाताना बंद केलेला मॉनिटर परत आल्यावर सुरू केला, तर तो रिकामा असतो.

अभाव कसा कळतो यावर भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी बारकाईने विचार केला आहे. जमिनीवर घट नाही हे ज्ञान त्यांच्या मते अनुपलब्धी या वेगळ्या प्रमाणाने होते: घट दिसत नाही, म्हणून तो नाही. पण त्यांनी लगेच एक अट घातली. न दिसणे ‘योग्य’ हवे, म्हणजे असता तर दिसला असता अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही यावरून तो नाही असे ठरत नाही. डिस्प्लेपोर्टच्या जोडणीवर संकेत न मिळणे ही अंधारातली अनुपलब्धी आहे, आणि प्रणाली तिला उजेडातली समजते. यावर निघालेले उपायही याच दिशेचे आहेत. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये, मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. नैयायिक म्हणतात की अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो, आणि ज्याचा अभाव त्याला प्रतियोगी म्हणतात. हा पर्याय म्हणजे कोणता मॉनिटर गेला हे विसरायचे नाही, प्रतियोगी सांभाळून ठेवायचा.

विंडो कुठे गेली यापेक्षा मुळात ती कशावर होती, हा आणखी मूलभूत प्रश्न. दोन मॉनिटर म्हणजे एक डेस्कटॉप की दोन? याला संगणकाच्या इतिहासात दोन्ही उत्तरे दिली गेली, आणि पुन्हा पुन्हा बदलली गेली. १९८७ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश टू या संगणकात अनेक कार्डे घालून अनेक मॉनिटर लावता येत आणि एक विंडो दोन्हींवर पसरवता येई; पडदे दोन, डेस्कटॉप एक. त्याच वर्षी आलेल्या एक्स ११ या युनिक्सवरील प्रणालीने उलट बाजू घेतली. तिच्यात प्रत्येक पडद्याला स्वतःची मूळ विंडो होती. माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाई, पण एका मुळाखाली जन्मलेली विंडो दुसऱ्या मुळाखाली नेता येत नसे. १९९० च्या दशकाच्या शेवटी झिनेरामा या एक्सच्या विस्ताराने सगळे पडदे एकाच मुळाखाली आणले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ मध्ये नऊ मॉनिटरांपर्यंत एकच पसरलेला डेस्कटॉप दिला. २००७ मध्ये एक्सच्या रँडआर विस्ताराची १.२ ही आवृत्ती आल्यावर लिनक्सवर चालू कामात मॉनिटर जोडणे-काढणे सोपे झाले. मग २०१३ मध्ये मॅकओएसच्या मॅव्हरिक्स आवृत्तीने पुन्हा अनेकत्वाकडे वळण घेतले: प्रत्येक पडद्याला स्वतःच्या स्पेसेस आणि स्वतःचा मेनूबार. ती सोय चालू असताना विंडो दोन पडद्यांवर पसरत नाही, जी गोष्ट त्याच कंपनीने २६ वर्षांपूर्वी दिमाखाने करून दाखवली होती.

अवयवी म्हणजे अवयवांहून वेगळी एक वस्तू, की अवयवांच्या जुडीला दिलेले नाव, हा नैयायिक आणि बौद्ध यांच्यातला दीर्घ वाद इथे आठवतो. नैयायिकांच्या मते पट हा तंतूंहून वेगळा, एक, आणि सर्व तंतूंत समवायाने राहणारा आहे. बौद्ध विचारतात: हात हलला आणि पाय हलला नाही, तर शरीर हलले की नाही? अर्धा भाग झाकला तर वस्तू झाकली की उघडी राहिली? एकाच वस्तूत विरुद्ध धर्म राहू शकत नाहीत, तेव्हा ती एक नाहीच. डेस्कटॉपच्या बाबतीत हा आक्षेप स्केलिंगच्या रूपाने येतो. लॅपटॉपचा पडदा दाट ठिपक्यांचा, शेजारचा जुना मॉनिटर विरळ ठिपक्यांचा. एक्सच्या परंपरेत एकच डेस्कटॉप म्हणजे सगळ्यासाठी एकच प्रमाण. परिणामी एका पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी किंवा दुसऱ्यावर पाटीएवढी. आणि विंडो मधोमध ठेवली तर तिचे अक्षर मोठे की लहान?

नैयायिकांनी अशाच पेचातून काढलेली वाट मोठी गमतीची आहे. रंगीबेरंगी धाग्यांच्या कापडाचा रंग कोणता? अवयवी एक आहे, म्हणून रंगही एकच हवा. तेव्हा त्यांनी ‘चित्र’ नावाचा एक स्वतंत्र रंगच मानला. मॅकिंटॉशवर जेव्हा एका विंडोचा अर्धा भाग रंगीत मॉनिटरवर आणि अर्धा कृष्णधवल मॉनिटरवर, प्रत्येक ठिकाणी त्या त्या पडद्याला शोभेल असा, काढला जाई, तेव्हा ते चित्ररूपच होते. लिनक्सवर आता एक्सची जागा घेत असलेल्या वेलँडने या वादात बौद्धांकडे झुकणारी भूमिका घेतली आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत प्रत्येक पडद्याला आपापले स्केल असते, आणि संपूर्ण डेस्कटॉपवर आपण नेमके कुठे आहोत हे ॲपला सांगितलेच जात नाही. ॲपच्या लेखी अवयवी नाही. आपली विंडो कोणत्या पडद्यांना स्पर्श करते एवढेच त्याला कळते. विंडो दोन पडद्यांवर पडली तर कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो जुळवून पडद्यावरचे चित्र तयार करणारा प्रोग्राम, बहुधा मोठ्या स्केलने काढलेले चित्र घेऊन दुसऱ्या पडद्यासाठी लहान करतो. अक्षरांचा आकार त्यामुळे सुधारतो. बदल्यात, एखाद्या ॲपला कालच्या जागी स्वतः जाऊन बसायचे असेल तर ते जमत नाही, कारण ‘जागा’ ही कल्पनाच त्याच्यापासून काढून घेतलेली असते.

पडदे कितीही असोत, कीबोर्ड साधारणपणे एकच असतो आणि त्याची अक्षरे एका वेळी एकाच विंडोत पडतात. मनाविषयी न्यायसूत्रांचे म्हणणे असेच आहे: एका वेळी अनेक ज्ञाने उत्पन्न होत नाहीत, हीच मन असल्याची खूण; मन अणू आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. यावर आक्षेप असा येई की शष्कुलीसारखा तळलेला कुरकुरीत पदार्थ खाताना रूप, रस, गंध, स्पर्श आणि आवाज हे सगळे एकदमच जाणवते. उत्तर ठरलेले: कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईने भोसकली तर सगळ्या एकदम भोसकल्यासारख्या वाटतात, प्रत्यक्षात एकामागून एक भोसकल्या जातात. दोन पडद्यांसमोर बसलेला माणूस दोन्हीकडे एकदम पाहतो असे त्याला वाटते. डोळे उजव्या पडद्यावर गेलेले असतात, फोकस डाव्यावरच राहिलेला असतो, आणि पासवर्ड गप्पांच्या विंडोत टाइप होतो. इथे दोष प्रणालीवर टाकणे फारसे न्याय्य नाही. तिचे एक अणुरूप मन आणि माणसाचे दुसरे, आणि दोघे एकमेकांना विचारत नाहीत.

आतापर्यंतच्या सर्व अडचणींत ‘तोच’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला गेला, आणि प्रणाल्यांनीही दीर्घकाळ तेच केले. खरी गल्लत तिथे आहे. डेस्कटॉपवरच्या वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळे ‘तोच’पण हवे असते. रंगांचे कॅलिब्रेशन करून तयार केलेल्या प्रोफाइलला नेमका तोच नग हवा. त्याच मॉडेलचा दुसरा चालणार नाही, कारण प्रत्येक पडद्याचा रंग थोडा वेगळा पडतो. तिथे वैशेषिकांचा विशेषच लागतो. रेझोल्यूशनला त्या मॉडेलचा कोणताही नग चालतो, म्हणजे जातीवर भागते. टास्कबारला नगही नको आणि मॉडेलही नको, त्याला पद हवे: जो कोणी मुख्य असेल त्याच्यावर तो बसतो. संस्थानाच्या गादीवर माणसे येतात-जातात. दरबार गादीपुढे भरतो, माणसाच्या नावापुढे नाही. आणि विंडोंच्या मांडणीला हवा असतो तो समुदाय. घरी एक मॉनिटर आणि कार्यालयात दोन अशी सवय असलेल्याला प्रत्येक जोडणीची स्वतंत्र आठवण लागते. ग्नोमची फाइल या कारणासाठी एकेका मॉनिटराऐवजी मॉनिटरांचे संच नोंदवते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली प्लाझ्माची ५.२७ ही आवृत्ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्याआधी पॅनेल आणि वॉलपेपर यांची सांगड पोर्टच्या नावाशी होती, आणि एकच एक ‘प्राथमिक’ पडदा वेगळा मानला जाई. या आवृत्तीत पडद्यांना अग्रक्रम दिले गेले: पहिला, दुसरा, तिसरा. पॅनेल पहिल्या क्रमांकाशी बांधले गेले, मग तो क्रमांक आज कोणत्याही मॉनिटरकडे असो. नग आणि पद यांची फारकत झाली, आणि पॅनेल हरवण्याच्या जुन्या दुखण्याचा बराच भाग त्यामुळे गेला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये मुख्य पडद्याचे पद आणखी खोलवर रुजलेले आहे: त्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे सगळ्या मोजमापाचा शून्यबिंदू, आणि त्याच्या डावीकडे ठेवलेल्या मॉनिटरवरच्या प्रत्येक बिंदूचे आडवे अंतर ऋण आकड्यात येते. ज्या ॲपच्या कर्त्याने ऋण आकडे येतील अशी कल्पनाच केली नाही, त्याची विंडो डाव्या मॉनिटरवर उघडायला नकार देते. वेलँडच्या मूळ नियमांत मात्र मुख्य पडदा ही कल्पनाच नाही, आणि ती नसल्याची तक्रार करणारे पुष्कळ आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे जी कोणत्याही पट्टीत, पोर्टमध्ये किंवा संकेतात नसते: कोणता मॉनिटर डावीकडे आहे. वैशेषिकांनी दिक् हे स्वतंत्र द्रव्य मानले, पण ते एकच आहे. पूर्व-पश्चिम हे भेद सूर्योदयासारख्या उपाधीमुळे पडतात. डावे-उजवे यांची उपाधी म्हणजे खुर्चीवर बसलेला माणूस, आणि त्याची दिशा संगणकाला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये ओळख पटवण्याचे बटण असते. ते दाबले की एका पडद्यावर मोठा १ आणि दुसऱ्यावर मोठा २ उमटतो. माणूस तो वाचतो आणि सेटिंग्जमधले दोन चौकोन माउसने ओढून टेबलावरच्यासारखे मांडतो. आधी यंत्राने मॉनिटरच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आता ते माणसाच्या शब्दावर ठेवते. माणूस आप्त आहे. त्याने सांगितले ते त्या दिवशी खरे होते. पुढे एखाद्या रविवारी केबलींना हात न लावता त्याने दोन्ही मॉनिटर उचलून जागा बदलल्या, तर कोणीही खोटे बोललेले नसताना तो शब्द खोटा होतो. माउस उजव्या पडद्याच्या उजव्या कडेतून निघून डाव्या पडद्याच्या पार टोकाला उगवतो, आणि ते दोन चौकोन पुन्हा ओढेपर्यंत तिथेच उगवत राहतो.